पाय आधी घरी आले, मी मागून

नर्मदा परिक्रमेला निघायचं म्हटलं, की सल्ला देणारे चहूकडून गोळा होतात. सॅकमध्ये काय घ्यावं, बूट कसे असावेत, शूलपाणीच्या झाडीत कुणाबरोबर चालावं, थंडीत अंगावर किती कपडे हवेत, सगळं सांगतात. पुस्तकं आहेत, व्याख्यानं आहेत, मोबाइलवर तासन्‌तास चालणाऱ्या चित्रफिती आहेत. पण परिक्रमा संपवून घरी आल्यावर पहिल्या सोमवारी सकाळी उठून काय करायचं, हे मला कुणीही सांगितलं नव्हतं. ओंकारेश्वरला जल चढवलं, कन्यापूजन झालं, कढई झाली, की पुस्तकंसुद्धा संपतात. जणू काही माणूस तिथेच विरघळून गेला!

माणूस विरघळत नाही. तो खांडव्याला येतो आणि कल्याणची गाडी पकडतो.

मी राहते डोंबिवलीला. बँकेतून निवृत्त झाल्यावर, 2023 च्या कार्तिकी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी एका मैत्रिणीबरोबर ओंकारेश्वरहून चालायला लागले आणि 138 दिवसांनी, 2024 च्या एप्रिलच्या मध्यावर तिथेच परत पोचले. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नर्मदा 1312 किलोमीटर लांबीची. ती सतत उजव्या हाताला ठेवायची आणि कुठेही ओलांडायची नाही. आम्ही दक्षिण तटानं समुद्रापर्यंत गेलो, विमलेश्वरहून बोटीनं मिठीतलाईला उतरून उत्तर तट धरला, अमरकंटकला उगमाला वळसा घातला आणि पुन्हा दक्षिण तटानं खाली आलो. दोन्ही तट मिळून 2600 किलोमीटरांच्या वर चालणं होतं. धरणांच्या जलाशयांना वळसे पडतात ते वेगळेच. पूर्वापार रीत तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवसांची. आमच्यासारखे संसारी लोक चार-पाच महिन्यांत आटोपतात, आणि जुने साधू त्याला हसतात. हसू देत!

खांडवा ते कल्याण हे अंतर आमच्या चालीनं पंचवीस दिवसांचं. गाडीनं ते एका रात्रीत संपवलं. खिडकीतून एखादी नदी दिसली, की हात आपोआप जोडले जात होते आणि नदी कुठली हे कळायच्या आत पूल संपत होता. पहाटे कल्याणला उतरलो तेव्हा फलाटावरची गर्दी अंगावर आली. पाठीवर सात किलोंची सॅक, हातात काठी, अंगावर पांढरी साडी. एका बाईनं मला वाट करून दिली आणि दुसऱ्या माणसानं "आजी, बाजूला व्हा ना!" म्हणून ढकललं. दोन्ही एकाच मिनिटात. आले मी माझ्या गावात!

शरीराला कोण सांगणार?

मन वगैरे नंतर. पहिली तक्रार शरीराची होती. त्याला कुणी कळवलंच नव्हतं, की चालणं संपलं म्हणून.

पहाटे चारला टक्क जाग. सॅक भरायची नाही, पाण्यावर जायचं नाही, कुठे पोचायचं नाही. मग अंधारात बसून राहायचं. पलंगावर झोप लागेना, म्हणून पहिले दीड महिना मी सतरंजीवर झोपले. पावलं पसरली होती. सहा नंबरची चप्पल बसेना, सात नंबरची आणावी लागली आणि ती आजही तशीच लागते. टाचांची जाड कातडी पंधरा-वीस दिवसांत सोलून निघाली. ती निघाली तेव्हा, खोटं कशाला सांगू, मला वाईट वाटलं. ती कमावलेली होती.

भुकेची गोष्ट तर निराळीच. वाटेत दिवसाला वीस-बावीस किलोमीटर चालून जेवढी लागायची, तेवढीच भूक डोंबिवलीच्या दोन खोल्यांत लागत राहिली. चार भाकऱ्या खाऊन मी ताटावरून उठत नव्हते आणि सासूबाई डोळे मोठे करून बघत होत्या. वाटेत उतरलेल्या नऊ किलोंपैकी चार किलो महिन्याभरात परत आले. आमचे डॉक्टर म्हणाले, "चालणं एकदम बंद करू नका, हळूहळू कमी करा. औषध जसं हळूहळू बंद करतात ना, तसं." मला हे फार पटलं. सकाळी दहा किलोमीटर, मग आठ, मग सहा असं करत मी उतरत गेले. खाडीकडच्या रस्त्यानं जायचे. पाणी उजव्या हाताला ठेवून! त्यामुळे येताना ते डाव्या हाताला यायचं आणि मला उगाचच चुकल्यासारखं व्हायचं.

आपल्या जुन्या लोकांना हे सगळं माहीत असणार, असं मला आता वाटतं. काशीयात्रेहून आलेल्या माणसाला थेट घरात घेत नसत. दारात त्याच्या पायांवर पाणी घालायचं, भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, मग आत. त्यानंतर गंगापूजन आणि मावंदं. सगळ्या आळीला जेवण. लहानपणी मला वाटायचं, की हा नुसता पुण्याचा गाजावाजा. आता वाटतं, परत आलेल्या माणसाला माणसांत आणून बसवायची ती युक्ती होती. चार दिवस त्याच्याभोवती घर गजबजलेलं ठेवायचं, त्याला बोलू द्यायचं आणि मग हळूच विहिरीवर पाण्याला पाठवायचं.

शिवाय जुना यात्रेकरू परतसुद्धा चालतच यायचा. आपल्या वारीचंच बघा ना. ज्ञानोबांच्या पालखीबरोबर लाखो माणसं पंढरपूरला चालत जातात आणि एकादशी झाली, की एस.टी., रेल्वे, टेम्पो, मिळेल त्या वाहनानं परततात. पालखी मात्र पौर्णिमेचा काला झाला, की चालतच आळंदीला परत निघते. जाताना लागतात त्याच्या जवळपास निम्म्या दिवसांत परत येते. बरोबर माणसंही थोडीच असतात. त्या परतवारीचे फोटो फारसे कुणी छापत नाही. पण घरी जायची खरी वाट तीच, असं मला आता म्हणावंसं वाटतं.

माझा डबा कुठे आहे?

आता मुख्य गोष्ट सांगते. तीस-बत्तीस वर्षं आमच्या घराचा कारभार माझ्याकडे होता. नोकरी सांभाळून. सासूबाई शहाऐंशी वर्षांच्या. त्यांच्या गोळ्या, त्यांचं पथ्य, गुरुवारी केस धुऊन तेल लावणं, सगळं माझ्याकडे. निघताना माझा जीव त्यांच्यातच अडकला होता. "हे" म्हणाले, "मी बघतो." ह्यांना तोवर चहापलीकडे काही येत नव्हतं, त्यामुळे मी शेजारी दोन घरी सांगून, डब्याची सोय करून, फ्रिजवर चार कागद चिकटवून निघाले होते.

परत आले तेव्हा ते कागद नव्हते. डबेवालीही पंधरा दिवसांतच बंद झाली होती. ओट्याजवळची मांडणी पार बदललेली. डाळी वरच्या फळीवरून खाली आलेल्या, कारण ह्यांचा खांदा दुखतो. मिसळणाच्या डब्यात मोहरीच्या जागी हळद आणि हळदीच्या जागी जिरं. चहाचं आधण चढवायला मी गेले आणि साखरेसाठी पाच झाकणं उघडली. हे मागे उभे राहून म्हणाले, "काय हवंय तुला?" पाहुण्याला विचारतात ना, अगदी तसं!

गुरुवारी मी तेलाची वाटी कोमट करून सासूबाईंपाशी गेले. त्या म्हणाल्या, "राहू दे गं. तो करतो. त्याचा हात आता बसलाय."

बाहेरच्या कुणाला यात काही वाटणार नाही. उलट, किती छान, असंच म्हणतील. मलाही वाटेत कुणी अशी गोष्ट सांगितली असती, तर मी छानच म्हटलं असतं. पण त्या दिवशी मी वाटी घेऊन गॅलरीत जाऊन उभी राहिले आणि खालच्या रिक्षा मोजत बसले. ज्या घराच्या काळजीनं मला अंकलेश्वरपर्यंत झोप लागत नव्हती, ते घर माझ्यावाचून सुरळीत चाललं होतं. मग मी इथे कोण?

वाटेत या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. दक्षिण तट असो वा उत्तर, आश्रमाच्या किंवा कुठल्याही घराच्या दारात "नर्मदे हर" म्हटलं, की आतून विचारणा व्हायची, "कितनी मूर्ति हैं?" माणसांची नाही, मूर्तींची मोजदाद! आम्ही म्हणायचो, दोन. की लगेच आसन लावायला जागा, चहा आणि मग भोजनप्रसादी नाहीतर सदाव्रत, म्हणजे पीठ, डाळ, तांदूळ, मीठ असा शिधा. बायांना माताराम म्हणायचे. मागच्या नोकरीचं काय, मुलंबाळं किती, घर स्वतःचं का, कुणी विचारत नसे. चालते आहे, एवढी ओळख पुरत होती. डोंबिवलीत ती ओळख गाडीतून उतरल्याबरोबर संपली आणि आधीची ओळख ह्यांनी, चांगल्या हेतूनं का होईना, वापरायला घेतलेली!

आमचं भांडण झालं नाही, हे मुद्दाम सांगते. झालं असतं तर सोपं गेलं असतं. आठवडाभर दोघंही एकमेकांना नको इतकं जपत होतो. मग एके दिवशी हेच म्हणाले, "तुला स्वयंपाकघर परत हवंय का? तसं सांग. पण मला आता रिकामं बसवणार नाही." मी विचार केला आणि खरं ते सांगितलं, की स्वयंपाकघर नकोय, पण घरात मला विचारायला यावं असं काहीतरी हवंय. त्यावर ते बराच वेळ गप्प बसले. म्हणाले, "तू नसताना मलाही तसंच वाटायचं. आई सारखी तुझंच नाव घ्यायची." सकाळचा स्वयंपाक त्यांच्याकडे राहिला, रात्रीचा माझ्याकडे आला आणि डबे आहेत तिथेच राहिले. मोहरी मला आजही पहिल्या फटक्यात सापडत नाही.

सत्कार आणि माठ

दरम्यान आमच्या इमारतीत माझी साध्वी झाली होती! परिक्रमा केलेल्या माणसाच्या पाया पडण्याची पद्धत आहे, त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरच्या दोघीजणी आल्या, तेव्हा मी लसूण सोलत होते. त्या वाकल्या, मी उठू गेले, ताटली सांडली आणि आम्ही तिघी मिळून लसणाच्या पाकळ्या वेचल्या. महिला मंडळात, ज्येष्ठ नागरिक संघात, एका वाचनालयात अशी तीन व्याख्यानं दिली. चौथं नाकारलं. त्याचं कारण असं, की तिसऱ्या व्याख्यानापर्यंत माझ्या गोष्टी ठरून गेल्या होत्या. इथे लोक हसतात, इथे डोळे पुसतात, हे मला आधीच कळायला लागलं. सांगता सांगता नदी बारीक होत चालली होती.

आणखी एक खटाटोप केला. वाटेत शेकडो घरांनी आम्हाला पाणी दिलं, जेवू घातलं. त्याचं थोडं तरी इथे फेडावं, म्हणून घरी वस्तू पोचवायला येणाऱ्या मुलांना थांबवून पाणी, लाडू देऊ लागले. मुलं बिचारी घाबरायची! "मॅडम, टाइम नाही, पुढची ऑर्डर लेट होईल," म्हणून जिन्यानं पळायची. एकानं तर "पाण्याचे पैसे किती?" असंच विचारलं. नर्मदाकाठचं सदाव्रत जसंच्या तसं उचलून इमारतीच्या जिन्यात ठेवता येत नाही. तिथे देणाऱ्याला वेळ असतो आणि घेणाऱ्यालाही. मग खाली वॉचमनच्या खुर्चीशेजारी माठ ठेवला. तो धुणार कोण, यावर सोसायटीच्या सभेत अर्धा तास चर्चा झाली. हे धुतात.

अमेरिकेतला माझा भाचा फोनवर म्हणाला, "मावशी, आमच्याकडे हे सगळ्यांना माहीत आहे." तिथे ॲपलेशियन डोंगरांतून सुमारे 3500 किलोमीटरांची पायवाट जाते. दरवर्षी हजारो लोक पाठीवर सामान घेऊन ती एका दमात चालायला निघतात. पुष्कळजण मध्येच सोडतात आणि जे पुरी करतात त्यांतले कितीतरी नंतर महिनोन्‌महिने उदास असतात म्हणे. त्याबद्दल ते उघडपणे बोलतात, एकमेकांना सांभाळून घेतात. ती वाट पहिल्यांदा सलग चालून गेल्याची नोंद अर्ल शॅफर यांच्या नावावर आहे, 1948 सालची. दुसऱ्या महायुद्धात जवळचा मित्र गमावलेला हा तरुण, डोक्यातलं युद्ध चालून काढायचं म्हणून निघाला होता. 1998 मध्ये, जवळजवळ ऐंशीव्या वर्षी, ते पुन्हा तीच वाट सबंध चालले! हे ऐकून मला हायसं वाटलं. म्हणजे हे दुखणं काही फक्त डोंबिवलीचं नव्हतं.

आपल्याकडेही परत येण्याच्या तऱ्हा निरनिराळ्या. अमृतलाल वेगड जबलपूरचे. ते 1977 पासून तुकड्या-तुकड्यांनी चालले. थोडं चालायचं, घरी यायचं, चित्रं काढायची, लिहायचं, पुन्हा निघायचं. संसारी माणसाला ही रीत सर्वांत शहाणपणाची, असं माझं मत. नाशिकच्या भारती ठाकूर परिक्रमा करून आल्या आणि पुढे नर्मदाकाठीच जाऊन राहिल्या. तिथल्या मुलांसाठी त्यांनी 'नर्मदालय' उभं केलं. माझी मैत्रीण तिसऱ्या तऱ्हेची. तिचं घर रिकामं, मुलगा परदेशी. ती दोन महिने अंथरुणावर पडून राहिली, कुणाचा फोन घेईना आणि 2024 च्या कार्तिकात पुन्हा ओंकारेश्वरला गेली. मला म्हणाली, "तुला परत यायला कुणीतरी होतं." मी तिला अडवलं नाही. माझ्याकडे अडवण्यासारखं काही उत्तरही नव्हतं.

आज कुठपर्यंत?

मला घरात आणून बसवलं ते सासूबाईंनी. तेही सहज. मे महिन्यात एका रात्री वीज गेली होती. मी त्यांना वारा घालत बसले होते. त्या म्हणाल्या, "ओंकारेश्वरहून निघालीस. मग पहिला मुक्काम कुठे?" मी सांगितला. जेवायला काय होतं, निजायला काय होतं, बायका पाणी कुठून आणतात, चूल कशी, सरपण कसलं, असं विचारत राहिल्या. दुसऱ्या दिवशी दुसरा मुक्काम. त्या स्वतः पंढरपूरपलीकडे कधी गेल्या नव्हत्या. पण व्याख्यानाला आलेल्या लोकांसारखं त्यांना चमत्काराचं काही नको होतं. साधू दिसले का, अश्वत्थामा भेटला का, असलं त्यांनी एकदाही विचारलं नाही. रात्री नऊला गोळ्या घेतल्या, की विचारायच्या, "हं, आज कुठपर्यंत?" मी डायरी काढायची. डायरीत गावोगावच्या ग्रामपंचायतींचे, आश्रमांचे शिक्के. मी मुक्काम वगळून पुढे जायला लागले, की त्यांना बरोबर कळायचं.

महाराष्ट्रात नर्मदा थोडीच. नंदुरबार जिल्ह्याची उत्तर सीमा करून जाते. पण ते सगळे सातपुड्याचे डोंगर. सरदार सरोवराचं पाणी चढल्यावर खालची जुनी वाट बुडाली आणि आता अक्राणीच्या बाजूनं डोंगर चढत-उतरत जावं लागतं. तिथे एका पाड्यावर आम्हाला अंधार पडला. एका भिल्ल बाईनं घरात घेतलं. मक्याची भाकरी आणि उडदाची डाळ वाढली. घरात तिची सून होती, अवघडलेली, आज-उद्या बाळंत होईल अशी. आम्ही आत निजलो आणि ती सून ओसरीत निजली. नको नको म्हटलं, ऐकलं नाही. पहाटे आम्ही निघालो.

सासूबाई म्हणाल्या, "मग? काय झालं तिला?"

मी म्हटलं, "कोण जाणे. आम्ही पुढे गेलो."

"असं कसं? अवघडलेली पोर बाहेर निजली आणि तुम्ही विचारलंसुद्धा नाही नंतर?"

मी त्यांना समजावलं, की तिथे फोन लागत नाही, परिक्रमेत मागे वळायचं नसतं, रोज नवं गाव असतं. त्या ऐकून गप्प झाल्या. पण दुसऱ्या दिवशी, मी पुढचा मुक्काम काढला तेव्हा म्हणाल्या, "नको. आधी तिचं सांग." तिसऱ्या दिवशीही तेच. आमची परिक्रमा अक्राणीत अडकली!

डायरी चाळताना त्या भागातल्या एका शाळेच्या गुरुजींचा नंबर सापडला. शेरा लिहून देताना त्यांनी खाली टाकला होता. फोन केला, तर त्यांची बदली झालेली. त्यांनी दुसऱ्या गुरुजींचा नंबर दिला. ते म्हणाले, पाडा माहीत आहे, पण वर जायला रविवारच मिळतो. दोन रविवार गेले. पाऊस सुरू झाला होता, तिसऱ्या रविवारीही काही होणार नाही, असं मी धरून चालले होते. संध्याकाळी फोन वाजला तेव्हा हे कुकर लावत होते. मुलगी झाली होती. आम्ही गेलो त्यानंतर चौथ्याच दिवशी, घरीच. आई आणि मूल दोघंही ठीक. मुलगी आता रांगायला बघते आहे, म्हणून गुरुजींनी सांगितलं.

मी आत जाऊन सासूबाईंना सांगितलं. त्यांनी हात जोडले. थोडा वेळ थांबून विचारलं, "नाव काय ठेवलंय?"

ते मी विचारलं नव्हतं. पुढच्या रविवारी पुन्हा फोन लावायचं ठरलं आणि त्या रात्री आम्ही अक्राणी सोडून गुजरातेत उतरलो.